फिर्याद आणि फिजिओथेरपी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोयत्याच्या हल्ल्याच्या तक्रारीबद्दलचा तुझा मेसेज वाचला. 'काका, जाऊ द्या, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार!' ठीक आहे, जबरदस्ती नाही. पण सोडायचं तर काय सोडतोयस ते कळून सोड.

तू फोटो पाठवलास तो कागद एफआयआर नाही, एनसी आहे. म्हणजे गुन्हा अदखलपात्र नोंदवलाय आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करणार नाहीत. साध्या मारहाणीला एनसी चालते. तुझ्यावर कोयता चालवलाय! धारदार हत्याराची दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 खाली येते, ती दखलपात्र आहे, म्हणजे अशा आदेशाची वाट न पाहता पोलीस तपास करू शकतात. त्यातही हाड मोडलं, सांध्याची ताकद कायमची गेली किंवा 15 दिवस रोजची कामं जमली नाहीत, तर ती गंभीर दुखापत ठरते. जुन्या कायद्यात हेच 20 दिवस होते; पोलीस ठाण्यात अजूनही कुणी वीसच सांगेल, त्याच्याशी वाद घालू नकोस, नव्या संहितेचं कलम 116 दाखव.

एमएलसीची (दवाखान्यातल्या मेडिको-लीगल केसची) नोंद, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन पुन्हा जा. दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने लेखी तक्रार, तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एफआयआर झाला की प्रत मागून घे, ती फुकट असते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत तुला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आता हाताचं. तू हात आडवा घातलास म्हणून डोकं वाचलं, पण बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, तुटले. टाके निघाले की पोरं फिजिओथेरपी सोडतात. तू सोडू नकोस. मूठ किती मिटते, शर्टाचं बटण लागतं का, हे दर खेपेला कागदावर लिहून घे. हात सुधारला तर देव पावला. नाही सुधारला तर उलटतपासणीत 'किरकोळ खरचटलं होतं' म्हणणाऱ्या वकिलापुढे तेच कागद उपयोगी पडतील.

मागून बाइक आली की अंग आक्रसतं, रात्री झोप उडते, असं लिहिलंयस. एवढ्या मोठ्या हल्ल्यानंतर हे होतंच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक मावशी-आत्याला पहिल्यापासून कहाणी सांगत बसू नकोस. आईला सांग, ती चहा पाजून परस्पर वाटेला लावेल.

ऑपरेशनच्या खर्चासाठी बाबांनी सोनं गहाण ठेवलंय ना? पीडित नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. हल्लेखोर सापडलाच नाही, खटला उभा राहिला नाही, तरी करता येतो. ही तरतूद बऱ्याच वकिलांनाही ठाऊक नसते. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. मोफत वकीलही तिथेच मिळतो. मुलींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तुला बहुधा लागेल, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेव.

गल्लीतले कुणी 'मिटवून टाका' म्हणत पाकीट घेऊन आले, तर मला फोन केल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करू. तो मी लिहून देईन.

प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. सोमवारी अकराच्या सुमारास ये. मूळ कागद घरी ठेव, झेरॉक्सचे दोन संच आण.

तुझा,
काका