९ वर्षांचा लॅब्रेडॉर आणि १२ वर्षांची मांजर ठणठणीत असताना तपासणी कशाला?

दोघंही नीट खातात, खेळतात, मग उगाच डॉक्टरांकडे का न्यायचं, आणि नेलंच तर नक्की काय तपासून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कुत्र्यामांजरांचीच डॉक्टर आहे, तेव्हा उत्तर पक्षपाती वाटेल. तरी सांगते, या वयात दर सहा महिन्यांनी न्या. मात्र प्रत्येक वेळी सगळ्या चाचण्यांचं भलंमोठं पॅकेज घ्यायची गरज नाही. एकाच जनावराचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवले की बरंच काही कळतं, म्हणून सगळे रिपोर्ट जपून ठेवा.

आधी मांजरीचं, कारण दुखणं लपवण्यात ती जात पटाईत. म्हाताऱ्या मांजरांना थायरॉइड वाढण्याचा आजार बराच होतो. त्यात मांजर भरपूर खाते, घरभर हुंदडते आणि घरचे कौतुक करतात, ‘या वयातही काय भूक आहे!’ वजन मात्र हळूहळू उतरत असतं आणि केसांमुळे ते दिसत नाही. ४ किलोची मांजर ३.६ किलोवर आली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो गेले. दर महिन्याला वजन करून तारखेसह लिहून ठेवा. तिला उचलून आपल्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, हा हिशेब एवढ्या थोड्या फरकाला पुरत नाही. लहान बाळांचा काटा बरा.

दुसरं मूत्रपिंड. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, नॉर्मलच्या वर जाईपर्यंत मूत्रपिंडाची साधारण पाऊण ताकद संपलेली असते. लघवीत बहुतेक वेळा त्याआधी कळतं. निरोगी मांजरीची लघवी घट्ट असते, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घट्टपणा) सहसा १.०३५ च्या वर. ती पातळ व्हायला लागली की कारण शोधायला हवं. रक्त तपासलं आणि लघवी राहू दिली, असं होऊ देऊ नका. आणि क्रिएटिनिन गेल्या वर्षी १.० होतं, यंदा १.५ आहे, तर दोन्ही रिपोर्टांवर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी मी ते दुर्लक्षित करत नाही.

ब्लड प्रेशर आवर्जून मोजायला सांगा. पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून मोजतात. मांजर घाबरली की ते चढतं, म्हणून तिला आधी थोडा वेळ शांत बसू द्यावं आणि मग चार-पाच वेळा मोजावं. वरचा आकडा सतत १६० च्या पुढे असेल तर उपचारांचा विचार करावा लागतो. तसंच सोडलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळी होऊ शकते.

तुमच्या लॅब्रेडॉरचं वजन, सांधे आणि गाठी पाहायच्या. कातडीखालची मऊ गाठ चरबीची की कॅन्सरची, हे बोटांनी चाचपून मलाही खात्रीने सांगता येत नाही. सुई घालून पेशी काढून बघाव्या लागतात. या जातीत म्हातारपणी कंठाच्या स्नायूंना लकवा होतो. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला किंवा उकाड्यात श्वास घरघरायला लागला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. डोळ्यांत दिसणारी निळसर झाक बहुतेकदा वयाची असते, मोतीबिंदू असेलच असं नाही. ते डॉक्टर बघून सांगतील.

येताना घरून माहिती आणा. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. सतत ३० च्या वर असतील तर ताबडतोब कळवा. पाणी मापून ठेवा: मांजर दिवसाला किलोमागे ५० मिलीपेक्षा किंवा कुत्रा १०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल तर ते जास्तच. मांजरीचा उडी मारतानाचा व्हिडिओ काढा. सांधे दुखणारी मांजर सहसा लंगडत नाही. पूर्वी एका झेपेत कपाटावर जायची, ती आता आधी खुर्चीवर चढते, इतकंच.

आणि सांधे दुखतायत असं वाटलं म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकते.