नागपुरात सेकंडहँड कमर्शियल कॉफी ग्राइंडर घेतला. पूड कुठे जाड, कुठे मैद्यासारखी येते. बर (दळणाऱ्या दातेरी चकत्या) बदलावे का?

लगेच नको. आधी प्लग काढा आणि वरचा बर उघडा. जुन्या मशीनमध्ये बर आणि त्याची बैठक यांच्यामध्ये तेलकट पूड दबून कडक झालेली असते. तेवढ्या थरानेही चकती किंचित तिरकी बसते. एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बैठक ब्रशने आणि कोरड्या कापडाने अगदी धातू दिसेपर्यंत साफ करा. पाणी अजिबात लावू नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

फरक पडला नाही तर बरच्या बाहेरच्या सपाट कडेवर मार्कर फिरवा. प्लग काढलेलाच ठेवून, हाताने फिरवत दोन्ही बर जेमतेम टेकवा. शाई एकाच बाजूची पुसली गेली, तर बर तिरके आहेत. शाफ्ट (बर फिरवणारा दांडा) हाताने बाजूला हलत असेल तर बेअरिंग गेलं.

मशीन थ्री-फेज आहे का? दोन फेज उलटे जोडले गेले असतील तर मोटर उलटी फिरते आणि चांगले बरही नीट कापत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून हे नक्की तपासून घ्या.

दातांच्या कडा गोल, चकचकीत झाल्या असतील तरच नवी जोडी घ्या. हिंगणा एमआयडीसीत लेथवर धार लावून घेण्याचा मोह टाळा, दातांचा कोन बिघडतो.

आणि मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत स्टॅटिकमुळे (स्थिर विजेमुळे) पुडीच्या गुठळ्या होतात, त्याही असमान दळणासारख्या दिसतात. दळण्याआधी बियांना एखादा थेंब पाणी चोळून पाहा.