फोनमधल्या फाइली दाखवायच्या किती, झाकायच्या किती?

तुम्ही विचारलंय की बाबांच्या फोनमधला फाइल मॅनेजर, म्हणजे सगळ्या फाइली आणि फोल्डर दाखवणारं अ‍ॅप, बंदच केला तर काय बिघडेल, प्रत्येक अ‍ॅप आपापलं सांभाळतंच की. माझ्या मते बरंच बिघडेल.

सगळं उघडं असावं असं मी म्हणत नाही. कॅशे, डेटाबेस, सेटिंग हा अ‍ॅपचा घरगुती पसारा, तो झाकलेलाच बरा. पूर्वी अँड्रॉइडवर एकदा स्टोरेजची परवानगी दिली की साध्या टॉर्चच्या अ‍ॅपलाही तुमचे फोटो, कागद सगळं वाचता यायचं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर स्कोप्ड स्टोरेज आलं, म्हणजे अ‍ॅपला मुळात आपल्यापुरत्याच फाइली दिसाव्यात अशी व्यवस्था; अँड्रॉइड ११ मध्ये ती आणखी कडक झाली. तेव्हा अँड्रॉइड जुन्या पद्धतीने वापरणाऱ्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण निर्णय योग्यच होता.

चूक झाली ती पुढे. अ‍ॅपचं झाकताना माणसाचं स्वतःचंही त्यातच गेलं. सातबाराच घ्या. सरकारी साइटवरून डिजिटल सहीचा उतारा काढला की तो डाउनलोडमध्ये येतो, लगेच सापडतो. तोच उतारा भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर तो जातो अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, पुन्हा मीडिया आणि मग व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स इतक्या आत. नाव म्हणून बऱ्याचदा नुसती तारीख आणि क्रमांक. फॉर्म भरताना ‘फाइल निवडा’ दाबलं की एकसारख्या दिसणाऱ्या पीडीएफची रांग समोर येते. त्यातली नेमकी कुठली, हे कळत नाही, आणि माणूस सेतू केंद्रात जाऊन उघडा फोन तिथल्या मुलाच्या हातात देतो. फोल्डर लपवून जपलेली गोपनीयता तिथेच संपली.

आयफोनने २००७ पासून फाइली दाखवायच्याच नाहीत असं धोरण ठेवलं होतं. शेवटी २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर फाइल्स अ‍ॅप द्यावंच लागलं. पण तिथेही ‘ऑन माय आयफोन’मध्ये अ‍ॅपच्या नावाचा जो फोल्डर दिसतो, तो अ‍ॅप काढलं की आतल्या फाइलींसकट जातो. म्हणजे दाखवलं, पण ताबा अ‍ॅपकडेच ठेवला. हे मला अजिबात पटत नाही. जे मी बनवलं किंवा मला कुणी पाठवलं, ते अ‍ॅप गेल्यावरही माझ्या जागी, मी ठेवलेल्या नावाने सापडलंच पाहिजे.

तेव्हा फाइल मॅनेजर बंद करू नका, उलट होम स्क्रीनवर आणून ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये ‘बाबांचे कागद’ असा एकच फोल्डर करा. महत्त्वाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला की त्याची प्रत तिथे टाकायची आणि नाव बदलायचं: ‘सातबारा २०२४’, ‘पासबुक पहिलं पान’. पहिले काही कागद त्यांच्याच हातून करून घ्या, तुम्ही करून देऊ नका. अधूनमधून तोच फोल्डर ओटीजी पेनड्राइव्हवर (फोनला थेट जोडता येणाऱ्या) उतरवून ठेवा. फोन बदलताना मग नेमकं काय न्यायचं, हे बाबांना स्वतःलाच सांगता येईल.