आधी दाढेचं बघ

(पत्र थोडक्यात: वय 31, पिंपरी, आयटीत टेस्टिंगला. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, छाती धडधडते, यंदाचं प्रमोशन त्यापायीच गेलं. नवरा खूप समजून घेतो. स्टेज डेअरिंगसाठी कुठला कोर्स करू?)

अगं, अख्ख्या पत्रात प्रमोशन प्रमोशन आणि मधेच कंसात एक ओळ, 'दाढ दुखतेय चार महिने, पण ह्यांना डेंटिस्टला फोन करायला वेळच मिळत नाहीये'. मी तिथेच अडकले. दाढ तुझी, मोबाइल तुझ्या हातात, मग ह्यांना वेळ कशाला हवा?

कोर्सबिर्स राहू दे. फक्त स्टेजपुरतं घाबरणारे लोक वेगळे असतात, 2013 च्या डीएसएममध्ये (मानसिक आजारांचं अमेरिकन डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक) तर त्यांचा वेगळा उल्लेखच आहे, ते दुकानदाराशी कचाकचा भांडतील पण माइक हातात आला की संपलं. कुणाचा बँकेत सही करताना, समोरचा बघतोय म्हणून हात थरथरतो, कुणी ऑफिसात चारचौघांत डबा उघडत नाही. तुझं मात्र मीटिंगच्या कितीतरी आधी घरातच सुरू होतंय, हॉटेलात ऑर्डर तो देतो, कुरियरवाल्याशी तो बोलतो (हेही तूच लिहिलंयस, आणि कौतुकाने!).

मला तर तुझ्या त्या समजूतदार नवऱ्याचाच राग आलाय. असेल चांगला, पण तो पुढे झाला की तुला 'सुटले बाई' वाटतं ना, तिथेच गोम आहे, कारण सुटल्यासारखं वाटलं की मन धरून बसतं की फोन खरंच डेंजर होता, आणि पुढच्या वेळी बोट अजूनच उचलत नाही.

तर उद्या सकाळी 11 वाजता, तो घरात नसताना, क्लिनिकला फोन तू लावायचास. कागदावर वाक्यं लिहून घ्यायची नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून पळायचं नाही. रिंग जाताना कट करावासा वाटेल, करायचा नाही. आवाज कापेल, कापू दे, तिथल्या रिसेप्शनिस्टला दिवसभर ठणकणाऱ्या दाढांचेच फोन येतात.

अगदीच नाही जमलं तर सीबीटी (बोलून विचार आणि सवयी बदलायची थेरपी) करणारा सायकॉलॉजिस्ट गाठ, तोही अशाच छोट्या छोट्या पायऱ्या चढायला लावणार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो नंबरही तूच लावायचा, ह्यांनी नाही.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळव.