मळा स्वतःचा असून सीसीडीच्या शाखा का मिटल्या?

तुमचा प्रश्न असा: "कॅफे कॉफी डे स्वतःच्या मळ्यातली कॉफी विकायची, तरी एवढ्या शाखा का बंद झाल्या? स्टारबक्समुळे का? पुण्यात मी असा कॅफे टाकू का?"

"स्वतःच्या मळ्यातली" वाचलं आणि राहवलं नाही. मळा आपला, भट्टी आपली, म्हणजे नफा आपलाच, असं म्हणणाऱ्या एका जुन्या भागीदाराशी माझं अजून वाजतं. एका कपाचा हिशेब त्याने कधी मांडला नाही. मी मांडतो, आकडे अंदाजाचे.

कॅपुचिनो १८० रुपये. ५ टक्के जीएसटी काढला की हातात १७१. डबल शॉटला १८ ग्रॅम बिया, ९०० रुपये किलोने १६ रुपये. दूध १५० मिली, १० रुपये. जगमध्ये उरलेलं दूध पुन्हा तापवत नाहीत, ओतून देतात, तेही यातच धरलंय. साखर, टिश्यू, फुटतूट ७. उरले १३८. म्हणजे चिकमगळूरचा अख्खा मळा तुमचा असला तरी वाचणार त्या १६ मधले चार-पाच रुपये.

आता जागा. ८०० चौरस फूट, फुटाला २००, म्हणजे महिना १,६०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २८,८००. नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्क्यांवाल्या हॉटेलांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, नाही, तेव्हा हे पैसे गेलेच. एकूण १,८८,८००. भागिले १३८, भागिले ३० दिवस: रोज ४६ कप नुसत्या भाड्यासाठी. पगार आणि वीज मिळून दीड लाखाच्या पुढे धरा, आणखी ३७. झाले ८३, आणि मशीनचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

१२ टेबलं आहेत. संध्याकाळी ५ ते ९ गर्दी. दोघं येतात, दोन कप घेतात, दोन तास बसतात. प्रत्येक टेबल दोनदा भरलं तर ४८ कप. म्हणजे अख्खी संध्याकाळ घरमालकाची! उरलेले ३५ दुपारी, खुर्च्या रिकाम्या असताना विकायचे. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर इंटरनेटसकट पहिला कॅफे निघाला तेव्हापासून सीसीडी खुर्चीच विकत आली, कॉफी निमित्ताला. करारात दर तीन वर्षांनी १५ टक्के भाडेवाढ असते. गिऱ्हाईक कपाला तेवढी वाढ देत नाही. ऑफिसांतल्या वेंडिंग मशीनना मात्र जागेचं भाडं नाही. शाखा १,७०० च्या वरून ४५० च्या आसपास आल्या, मशीन ५० हजारांच्या वर टिकली, ती उगाच नाही.

स्टारबक्सचं म्हणाल तर ते ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला आलं. त्यानंतर सहा वर्षांनीही सीसीडीच्या शाखा १,७०० च्या वर होत्या, आणि २०२३-२४ मध्ये टाटा स्टारबक्स स्वतःच तोट्यात होती. तेव्हा ते सोडा.

शाखा कशाबशा तगल्या असत्या. घात केला तो सीसीडीच्या समूहावरच्या कर्जाने. २०१५ चा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, शेअरला ३२८ रुपयांनी, १,१५० कोटींची, तरी मार्च २०१९ अखेर कर्ज ७ हजार कोटींच्या वर. माइंडट्री या आयटी कंपनीतला हिस्सा एल अँड टीला विकूनही भागलं नाही. जुलै २०१९ मध्ये सीसीडीचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ गेले. पुढे समूहाचा टेक पार्क ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकला गेला, आणि तोट्यातल्या शाखा मिटवून सिद्धार्थ यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी कर्ज बरंच खाली आणलं. सात उपकंपन्यांतून ३,५३५ कोटी प्रवर्तकांशी संबंधित कंपनीकडे वळवल्याबद्दल शेअर बाजाराची नियामक सेबीने जानेवारी २०२३ मध्ये २६ कोटींचा दंड ठोठावला. ही कंपनी कोणती? म्हैसूर अमालगमेटेड कॉफी इस्टेट्स. मळ्यांचीच. हे त्या भागीदाराला दाखवावं म्हणतो.

तुम्ही टाका, पण १५० फुटांचा उभ्याने पिण्याचा काउंटर टाका. पहिल्या दुकानाचे सलग १२ महिने भाडं आणि पगार जाऊन पैसे उरले नाहीत तर दुसऱ्यासाठी कर्ज काढू नका, "मोक्याची जागा जाईल" असं कोणी कितीही म्हणालं तरी.

सँडविच-केकची विक्री मी धरलेली नाही. ती चांगली झाली तर कपांचा आकडा खाली येतो, पण शिळा माल फेकण्याचा खर्च वाढतो. मॉलमध्ये विक्रीच्या टक्केवारीवर जागा मिळत असेल तर हिशेब वेगळा. तिथेही किमान भाड्याची अट करारात कुठे घातलीय, ते सहीआधी शोधा.