गिटारचा नट हाडाचा घ्यावा की ग्रॅफाइटचा?

नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाची छोटी पट्टी, तिच्या खाचांत तारा बसतात. तो बदलायच्या आधी आत्ताचा नीट तपास. ट्यून करताना जी स्ट्रिंग 'टिंग' करून एकदम उडी मारते ना, तिथे बहुतेक वेळा दोष मटेरियलचा नसतो, खाच अरुंद असते. ९ च्या सेटसाठी (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच) कापलेल्या खाचेत आपण १० चा, म्हणजे जाड तारांचा सेट चढवतो आणि तार अडकते. आधी खाचेत पेन्सिलचं शिसं घासून बघ.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मधे तार दाबून धर. पहिल्या फ्रेटवर तारेखाली कागदाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर एफ कॉर्डला बोटं दुखणारच. अजिबात नसेल तर मोकळी तार खरखरते. मी पहिला हाडाचा नट स्वतः कापला तेव्हा ई स्ट्रिंगला कानस दोनदा जास्त फिरली आणि अख्खा नट वाया गेला. फार वाईट वाटलं होतं.

ट्रेमोलो, म्हणजे तारांचा सूर वर-खाली करणारी दांडी, वापरत नसशील तर डोळे मिटून हाड घे. वापरत असशील तर ग्रॅफाइट किंवा टस्क एक्सएल हे कृत्रिम मटेरियल, त्यावर तार सहज सरकते. फ्लॉइड रोज (तारा घट्ट आवळणारा ट्रेमोलो) असेल तर प्रश्नच मिटला, तिथे तार नटवरच आवळलेली असते. टोनची फार चिंता नको, नटचा फरक मुख्यतः मोकळ्या तारांवरच.

आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात तारा गंजतात आणि ती भुकटी खाचेत बसते. तारा बदलताना जुन्या टूथब्रशने खाचा साफ कर. आणि नट बसवायला देताना नेहमीचा सेटच लावून ने, खाचा त्याच मापाने कापून घे.