पुण्यातला मुक्काम: पहिल्यांदा वारीला निघालेल्यांसाठी

माऊलींची पालखी भवानी पेठेत दोन रात्री असते. मधला दिवस फिरण्यात घालवू नका. दुसऱ्या दिवशी दिवे घाट चढून सासवड गाठायचंय, तीसेक किलोमीटरची चाल.

सकाळी उठल्याबरोबर आधी कपडे धुवा. पावसाळी हवेत मोजे वाळायला अख्खा दिवस लागतो, आणि ओलसर मोज्यांनीच फोड येतात. मग पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटं, आणि बोटांच्या बेचक्या पार कोरड्या करा. फोड दुखत नसेल तर तसाच राहू द्या. ठणकत असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र सोलायची नाही, तीच खरी पट्टी. मधुमेह असेल तर सुई नकोच, थेट वैद्यकीय पथकाकडे जा. नखं सरळ कापा, नाहीतर उतारावर बोचतात.

लक्ष्मी रोडवर नवे बूट घ्यायचा मोह होतो. घेऊ नका! चपलेचा अंगठा तुटला असेल तर चांभाराकडून शिवून घ्या.

दर चौकात कुणीतरी काहीतरी वाटत असतं. सगळंच खाल्लं की घाटात पोट बिघडतं. उघड्यावरची कापलेली फळं तर टाळाच.

संध्याकाळीच पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाका.